मदत हवी आहे : बेंदराचे मातीचे बैल तडकतायत
नमस्कार मंडळी, मी सांगलीची. आषाढात आपल्याकडं बेंदूर म्हणजे बैलांचा सण असतो, तर गल्लीतल्या 8-9 पोरांना यंदा विकतची जोडी न आणता स्वतः बैल करायला बसवलंय, खांदेमळणी (सणाआधी बैलांचे खांदे चोळतात ती) म्हणजे काय, बेंदराला बैल औताला का जुंपत नाहीत हे माती मळता मळता सांगते आणि पोरं खरंच कान देऊन ऐकतात. पण काळ्या मातीचे बैल दुसऱ्या दिवशी पायाच्या जोडात तडकतात, वशिंड तर अख्खं हातात येतं! काल एकजण रडलाच, फार वाईट वाटलं. मातीत कापूस घालावा का भुसा, आणि किती? सावलीत किती दिवस सुकवायचे? शिंगांना हुरमुंजी (गेरूसारखा तांबडा) रंगच द्यायचाय, ऑइल पेंट नको. कुंभारकाम येणाऱ्यांनी प्लीज लवकर सांगा, बेंदूर 6 दिवसांवर आलाय.