मदत हवी आहे: बाबांचं कानाचं मशीन, एका कानाला की दोन्ही? (ठाणे)

नमस्कार मंडळी,

बाबा ७४ वर्षांचे. वागळे इस्टेटमध्ये ३१ वर्षं पॉवर प्रेसवर काढली. कानात बोळे घालायची पद्धत तेव्हा नव्हतीच. आता आमच्या टीव्हीवरच्या बातम्या खालच्या मजल्यावरच्या काकूही ऐकतात. बाबांचं म्हणणं एकच, ‘मला ऐकू येतं, तुम्ही तोंडातल्या तोंडात बोलता.’ ते अगदीच खोटं नाही. हाक मारली की ओ देतात, शब्द मात्र भलताच पकडतात. परवा गावदेवी मंडईत भाजीवाली साठ म्हणाली, यांनी आठ ऐकलं आणि दहाची नोट देऊन सुट्ट्यांसाठी हात पुढे करून उभे. मी जोरात सांगितलं तर ‘ओरडतोस कशाला?’ गडकरीला नाटकाला जाणंही सोडलंय. का, तर म्हणे हल्ली नाटकं बरी नसतात.

शेवटी कान-नाक-घसावाल्यांकडे नेलं. मळ काढला, ऑडिओमेट्री (ऐकण्याची चाचणी) झाली. सरासरी उजवा कान ४५ डेसिबल, डावा ६५ (आकडा जितका मोठा तितकं ऐकू कमी). रिपोर्टवरच्या आलेखाची रेघ २००० हर्ट्झनंतर, म्हणजे वरच्या पट्टीत, घसरगुंडीसारखी खाली येते आणि ४००० ला खड्डा. डाव्या कानात काही महिने घुं घुं असते म्हणतात. डॉक्टर म्हणाले, ‘नसेचा बहिरेपणा, मशीन लावा,’ आणि पुढचा पेशंट आत.

एका दुकानात गेलो. १६ चॅनेलची (चॅनेल म्हणजे आवाजाच्या पट्टीचे वेगवेगळे जुळवता येणारे भाग) जोडी १ लाख ४० हजार, ८ चॅनेलचं एक मशीन २८ हजार. तिथे लावल्यावर बाबांना सगळं नीट ऐकू आलं. पण ‘आजच बुक केलंत तर’ सुरू झालं तसा मी उठलो. एक घ्यावं की दोन? चॅनेलने खरंच फरक पडतो का? सेलचं की चार्जिंगचं? बाबांची बोटं थरथरतात.

प्रतिसाद (वाशी)

मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ आहे. आधी खरेदी थांबवा. कारखान्याचा आवाज बहुधा दोन्ही कानांचं सारखंच नुकसान करतो. इथे २० डेसिबलचा फरक आहे आणि घुं घुं त्याच कानात. हे ईएनटींना स्पष्ट विचारा, नसेवर गाठ वगैरे नाही ना ते बघायला कदाचित एमआरआय सांगतील. बहुतेकदा काही निघत नाही, पण बघून घ्यायचं.

साठचं आठ का झालं? स, श, फ यांचा जोर वरच्या पट्टीत असतो, स्वरांचा खालच्या. बाबांची खालची पट्टी त्या मानाने शाबूत आहे, म्हणून ‘आठ’ पोचतं आणि ‘स’ गळतो. ओरडून स परत येत नाही, नुसते स्वर कानावर आदळतात. कानातल्या केसपेशी (आवाज टिपणाऱ्या बारीक पेशी) गेल्या की हळू आवाज ऐकू येत नाही, मोठा मात्र पूर्वीइतकाच मोठा लागतो. तेव्हा त्यांची तक्रार रास्त आहे!

रिपोर्टवर शब्दचाचणीचे टक्के (ऐकलेले शब्द किती बरोबर ओळखले) आहेत का पाहा. डाव्या कानाला शब्द बऱ्यापैकी कळत असतील तर दोन मशीन घ्या. गोंगाटात आणि आवाज कुठून आला ते कळायला दोनच बरी. चॅनेलच्या आकड्यावर मी फार जात नाही. बसवणारा कानात बारीक नळी घालून पडद्यापाशी आवाज किती पोचतो ते मोजतो का, हे विचारा. त्याला रिअल इअर म्हणतात. त्याची भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणीही विचारा. विक्रीच्या दडपणाशिवाय तपासणी हवी तर वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग ही सरकारी संस्था आहे, दादरला गाडी बदलावी लागेल एवढंच.

प्रतिसाद (ऐरोली)

चार वर्षं मशीन वापरतोय. बोटं थरथरत असतील तर चार्जिंगचंच घ्या दादा. सेल शेंगदाण्याएवढा, त्यावरची चिकटपट्टी सोलली की मशीन वापरा न वापरा, तो उतरायला लागतो. पावसाळ्यात रात्री मशीन सिलिका जेलच्या डबीत. चार्जिंगचं असेल तर वाळवण्याचं काय ते आधी विचारा. आणि ट्रायल घरी मागा. दुकानातल्या एसीत कुणालाही ऐकू येतं. कुकर, पंखा आणि तिघं एकदम बोलताहेत, तिथे कळतं. पहिले पंधरा दिवस प्लास्टिकच्या पिशवीची चुरचुरसुद्धा डोक्यात जाते. मी दोनदा कपाटात टाकलं होतं. सुरुवातीला घरातच, दिवसाला दोन तास लावायला सांगा.

धागाकर्ता

आभार दोघांचे. शुक्रवारची वेळ घेतली. फोनवर दोन कानांतला फरक सांगितला तर डॉक्टर म्हणतात आधी का नाही बोललात. रिपोर्ट त्यांच्याच हातात होता! असो. बाबांना ‘स’ कसा गळतो ते कागदावर लिहून दाखवलं. बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, ‘म्हणजे भाजीवाली साठच म्हणाली होती तर.’ शुक्रवारी किती वाजता निघायचं तेही स्वतःहून विचारलं. सात म्हणालो, आणि बोटं दाखवली.