बाबाचं 'औषध'

मुलांनी घरातल्या दारूबद्दल विचारलं तर 'औषध आहे म्हणून सांगावं, विषय संपतो' असं काही जण म्हणतात. आम्हीही तेच केलं होतं. लेक ६ वर्षांची. मला खोकला झाला, तर ही बया फ्रिजमधली बियरची बाटली दोन्ही हातांनी धरून हजर. 'बाबा, तुझं औषध!' समोर सासूबाई.

त्या रात्री सरळ सांगून टाकलं. ही दारू. जास्त झाली की तोल जातो, माणूस काहीबाही बोलतो आणि लहान शरीराला थोडीही बाधते. महाराष्ट्रात बियरला २१ आणि व्हिस्की-रमला २५ वर्षं पूर्ण लागतात म्हटल्यावर तिने बोटं मोजली, 'अजून १५ वर्षं?' (गोव्यात १८ पुरतात, हे मुद्दामच नाही सांगितलं.)

अवघड प्रश्न पुढेच होता. 'मग गावचे काका अंगणात पडले होते, ते यानेच?' तेव्हा आम्ही चक्कर आली म्हणालो होतो. आता हो म्हणालो. काका वाईट नाहीत, त्यांना थांबता येत नाही, तो आजार आहे आणि त्यावर डॉक्टर असतात.

'तुला येतं थांबता?'

दोनवर थांबतो म्हणालो. तेव्हापासून ती मोजते.