पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाल्यावरही राजेशाही परत आली, मग संसदेने काय मिळवले?

गिरगावकर:
मुंबईचा इतिहास वाचताना एक शंका मनात घर करून राहिली आहे. 1661 च्या तहाने पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन हिच्या हुंड्यात आपली मुंबई इंग्लंडचा राजा दुसऱ्या चार्ल्सला मिळाली आणि 1668 मध्ये त्याने ती वर्षाला 10 पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केली. तहही राजाचा आणि सनदही राजाचीच. ज्याच्या वडिलांना संसदपक्षाने 30 जानेवारी 1649 रोजी वधस्तंभावर चढवले, त्या राजाकडे एवढे अधिकार कसे उरले? राजा आणि संसद यांच्यातील यादवी युद्धातून नेमके साधले तरी काय? जाणकारांनी कृपया सांगावे.

इतिहासवाचक, दादर:
आपली शंका रास्त आहे, परंतु 1649 पेक्षा 1641 कडे अधिक बारकाईने पाहावे, असे मी सुचवेन. पहिल्या चार्ल्सने 1629 पासून अकरा वर्षे संसद बोलावलीच नाही आणि संमतीविना पैसा उभा करण्यासाठी, एरवी किनाऱ्यावरील परगण्यांकडून संकटकाळी आरमारासाठी घेतली जाणारी जहाजपट्टी 1635 पासून देशाच्या आतल्या परगण्यांवरही लादली. जॉन हॅम्पडेन या जमीनदार संसद सदस्याने ती भरण्यास नकार दिला. खटल्यात बारापैकी सात न्यायाधीशांनी राजाच्या बाजूने कौल दिला, तरी पाच विरोधात गेले, आणि माझ्या मते राजाची नैतिक हार तिथेच झाली. पुढे स्कॉटलंडशी युद्ध ओढवल्यामुळे त्याला 1640 मध्ये संसद बोलवावीच लागली. त्या संसदेने 1641 मध्ये जहाजपट्टी बेकायदा ठरवली आणि स्टार चेंबर हे राजाच्या सल्लागारांचे न्यायालय बंद केले.

या कायद्यांना राजाची संमती मिळालेली होती, ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. 1660 मध्ये राजेशाही परतली तेव्हा युद्धकाळात राजाच्या संमतीविना काढलेले संसदेचे हुकूम रद्दबातल ठरले, पण 1641 चे हे कायदे टिकले. परराष्ट्रसंबंध, तह आणि व्यापारी सनदा हे राजाचे अधिकार मात्र तसेच राहिले. म्हणूनच मुंबईचा व्यवहार त्याला स्वतःच्या अखत्यारीत करता आला. संमतीविना कर बसवण्याची वाट मात्र त्याला बंद झाली होती.

एक अभ्यासक, ठाणे:
वरील विवेचन पटते, तरी सारा संघर्ष पैशाचा होता असे मानू नये. कॅथॉलिक पंथाविषयीचे भय त्या काळच्या इंग्रजांच्या मनात खोल रुजलेले होते. दुसऱ्या चार्ल्सने 1672 मध्ये स्वतःच्या अधिकारात कॅथॉलिकांनाही लागू होणाऱ्या धार्मिक सवलतींची घोषणा केली. डच युद्धासाठी पैसा हवा असताना संसद अडून बसली, तेव्हा त्याला ती 1673 मध्ये मागे घ्यावी लागली.

इतिहासवाचक, दादर:
आपण दिलेले उदाहरण मोलाचे आहे, कारण त्यात धर्म आणि तिजोरी दोन्ही एकत्र दिसतात. दुसऱ्या चार्ल्सनंतर गादीवर आलेला त्याचा भाऊ दुसरा जेम्स याला 1685 मध्ये संसदेने तहहयात भरघोस उत्पन्न मंजूर केले आणि त्याच बळावर तो संसदेवाचून सैन्य पोसू लागला. 1688 च्या क्रांतीत जेम्स पदच्युत होऊन विल्यम व मेरी गादीवर आले, त्यानंतर ही चूक पुन्हा झाली नाही. 1689 च्या हक्कनाम्याने शांततेच्या काळात संसदेच्या संमतीविना सैन्य ठेवणे बेकायदा ठरवले आणि 1690 मध्ये विल्यम व मेरी यांना जकातीचे उत्पन्न तहहयात न देता केवळ चार वर्षांसाठी दिले. संसद तेव्हापासून दरवर्षी भरते, ती या तरतुदींमुळे आणि फ्रान्सशी चाललेल्या खर्चिक युद्धामुळे.

आपल्या मूळ शंकेशी जोडलेली आणखी एक बाब सांगतो. सनदेच्या आधारे कंपनी आपली मक्तेदारी राखत होती आणि 1685 मध्ये न्यायालयानेही ती उचलून धरली होती. परंतु 1694 मध्ये संसदेच्या कॉमन्स या लोकनियुक्त सभागृहाने ठराव केला की, संसदेच्या कायद्याने मनाई केलेली नसेल तर पूर्वेकडे व्यापार करण्याचा हक्क सर्व इंग्रज प्रजाजनांना समान आहे. त्यानंतर 1698 मध्ये कायदा करूनच एक नवी प्रतिस्पर्धी कंपनी उभी राहिली, आणि मुंबई ज्यांच्या ताब्यात होती त्या जुन्या कंपनीला अखेर तिच्याशी हातमिळवणी करावी लागली.