पिकअपला जनरेटरची ट्रॉली जोडल्यावर अ‍ॅव्हरेज किती पडतं? ड्रायव्हरवर संशय घ्यायच्या आधी विचारतोय

जनरेटर_सोलापूर

नमस्कार मंडळी. सोलापुरात माझा मंडप आणि जनरेटर भाड्यानं द्यायचा धंदा आहे. गाडी २०१८ ची बोलेरो पिकअप, अडीच लिटर इंजिन, बीएस४. तिच्या मागं दोन चाकी ट्रॉलीवर २५ केव्हीएचा जनरेटर. ट्रॉली धरून तो साधारण १,४०० किलो भरतो. हौद्यात केबलची बंडलं, फोकस, दोन पोरं.

नुसती गाडी मला १२ ते १३ देते. ट्रॉली लावली की किती द्यावी याचा कधी नीट हिशोब केला नव्हता, नऊ-साडेनऊ धरून चालायचो. एप्रिलची बिलं काल जुळवली. १,४८० किलोमीटर, २०१ लिटर. म्हणजे ७.४ सुद्धा नीट नाही.

माझा भाऊ म्हणतो, मामा डिझेल काढतोय. मामा म्हणजे आमचे ड्रायव्हर, अकरा वर्षं झाली आमच्याकडं. गड्ड्याच्या यात्रेत रात्र रात्र जनरेटरजवळ बसलेला माणूस. भावानं त्यांच्या पगारातले २,००० रुपये अडवून ठेवलेत आणि दोन दिवस झाले मामा माझ्याशी मान वर करून बोललेले नाहीत. मला झोप लागेना. ज्यांनी खरंच ट्रॉली ओढलीय त्यांनी सांगा, ७.४ शक्य आहे का? का भाऊ म्हणतो तेच खरं?

शिवाय आषाढीला पंढरपूरचं काम ठरवालोय. किलोमीटरचा दर कशावर धरायचा तेही कळंना.

सांगोला_डाळिंब

दादा, आधी ते दोन हजार बाजूला ठेवा, खर्च करू नका. मी का म्हणतोय ते सांगतो.

माझी पण पिकअपच आहे. सांगोल्यातून डाळिंब भरून पुण्याच्या मार्केट यार्डात जातो, सीझनला आठवड्यातनं तीनदा. सहा वर्षांपासून डॅशबोर्डमध्ये वही ठेवलीय. प्रत्येक फेरीला टाकी फुल, मीटर, किती लिटर बसलं, किती माल होता आणि वेग काय ठेवला. हा शेवटचा रकाना मी तिसऱ्या वर्षी वाढवला आणि तिथून माझे डोळे उघडले.

दीड टन माल भरून, वर ताडपत्री घट्ट बांधून साठनं गेलो की ११.४ मिळतं. तोच माल, तोच रस्ता, पण गेट गाठायच्या घाईत ऐंशीनं गेलो तर ९.३. आणि आता हे ऐका. येताना मोकळे क्रेट केबिनच्या वर दोन हात उंच रचून ऐंशीनं आलो की १०.१. माल शून्य, तरी साठनं नेलेल्या भरल्या गाडीपेक्षा कमी! पहिल्यांदा मला वाटलं लिहिण्यात चूक झाली. चार फेऱ्या मुद्दाम तसंच करून बघितलं, तेच आलं. वजनापेक्षा वारा जास्त खातो हे मला कुणी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं.

तुमचा जनरेटर म्हणजे एक चौकोनी पेटीच की. पिकअपच्या मागनं वारा वळतो आणि ट्रॉलीच्या तोंडावर आदळतो. मामांचा वेग विचारा. आणि विचारताना चोर पकडल्यासारखं विचारू नका, त्यांना शेजारी बसवून विचारा.

मोहोळ_फिटर

तीन गोष्टी तपासल्याशिवाय चोरी म्हणू नये.

एप्रिलमध्ये जयंतीच्या मिरवणुका केल्या असतील. पहिल्या गिअरमध्ये थांबत थांबत सहा तास गाडी चालते, किलोमीटर होतात चार. नुसतं जागेवर चालू असलेलं अडीच लिटरचं इंजिन तासाला अर्धा ते पाऊण लिटर पितं, ओढत असेल तर जास्त. ते डिझेल किलोमीटरमध्ये धरलं तर अ‍ॅव्हरेज पडणारच. मिरवणूक तासांवर लिहा, रस्ता किलोमीटरवर.

दुसरं, जनरेटरचं डिझेल कुठून भरता? पंपावर गाडी आणि कॅन एकाच बिलात बसतात.

तिसरं आणि माझ्या मते खरं दुखणं इथं असणार. ट्रॉली महिनोन्महिने एका जागी उभी असते. टायरची हवा उतरलेली असते, बेअरिंगचं ग्रीस सुकलेलं असतं, ब्रेक असले तर लायनर ड्रमला चिकटतात. ड्रायव्हरला केबिनमध्ये काही कळत नाही, इंजिनला मात्र कळतं. पंधरा-वीस किलोमीटर गेल्यावर थांबून ट्रॉलीचे दोन्ही हब, म्हणजे चाकाचा मधला बेअरिंगचा भाग, हातानं बघा, आधी नुसता हात जवळ न्या. एक गरम आणि एक गार असेल तर तिथं डिझेल जळतंय. घरी आल्यावर जॅक लावून चाक फिरवा, मोकळं फिरलं पाहिजे.

ज्यांची गाडी बीएस६ आहे आणि तिला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, आहे त्यांनी अजून एक धरावं. गावात हळूहळू फिरणाऱ्या गाडीत काजळी लवकर साठते आणि ती जाळायला गाडी जादा डिझेल घेते. दादांची २०१८ ची आहे, त्यांना हे लागू नाही.

बार्शी_पॉलिटेक्निक

डिप्लोमाच्या पोरांना इंजिन शिकवतो, म्हणून आकड्यांवर दोन ओळी.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. साठवरून ऐंशीवर गेलात की तो पावणेदोन पटीच्याही थोडा वर जातो. सांगोल्याच्या भाऊंची वही हेच सांगते. वजनाचा खरा त्रास चढाला आणि दर वेळी थांबून परत उचलताना.

चढालाही लोक घाबरतात तेवढं नसतं. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर, तुळजापूर साडेसहाशेच्या आसपास. तुमची गाडी, ट्रॉली, माणसं मिळून साडेतीन टन धरा. एवढं वजन दोनशे मीटर वर न्यायला, इंजिनची कार्यक्षमता ३५ टक्के धरली तरी, अर्ध्या लिटरच्या थोडं वर डिझेल लागतं. पंचेचाळीस किलोमीटरच्या वाटेत घाटाचा जादा खर्च एवढाच. येताना उतारावर त्यातलं काही परत मिळतं, म्हणून मोजायचं ते जाऊन-येऊन. फक्त जातानाचं मोजून कुणावर आरोप करू नका.

मोजताना एकच पंप, एकच नोझल आणि नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की थांबायचं. हँडल दाबून दाबून वर भरायचं नाही. पंपाच्या मापाची शंका असेल तर तिथं पाच लिटरचं प्रमाणित माप असतं, ते मागून बघायचा ग्राहकाला हक्क आहे. टायर झिजले असतील तर मीटर खऱ्यापेक्षा जास्त किलोमीटर दाखवतं, त्यामुळं रस्त्यावरच्या दहा-वीस दगडांवर मीटर एकदा ताडून घ्या.

विजापूर_रोड

विषयाला सोडून एक. ट्रॉलीची पण कायद्यानं स्वतंत्र नोंदणी लागते, मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हे वाहनच धरलंय. इन्शुरन्समध्ये ती घातलीय का बघा. पंढरपूरच्या गर्दीत काही झालं तर अ‍ॅव्हरेजचा हिशोब कुणी विचारणार नाही.

जनरेटर_सोलापूर

मंडळी, दहा दिवसांनी लिहितोय. सगळं करून बघितलं.

पहिल्यांदा मामांनाच वही दाखवली आणि फिटर साहेबांचा कॅनचा प्रश्न विचारला. ते शांतपणे म्हणाले, "मालक, गोडाऊनचा ड्रम दोनदा संपला तेव्हा मी पंपावरनं कॅन भरले. धाकट्या मालकांना फोन करून सांगितलं होतं." भावाच्या फोनवर बघितलं, दोन्ही दिवशी मामांचा कॉल आहे. भाऊ विसरला होता. दोन कॅन मिळून १९ लिटर. जयंतीच्या मिरवणुकांचे तास काढले तर त्यात अंदाजे ११ लिटर गेलं. राहिलं १७१. म्हणजे साडेआठच्या पुढं.

मग मी स्वतः मामांच्या शेजारी बसून पंढरपूरला जाऊन आलो, ट्रॉली लावून, पंचावन्न-साठनं. जाऊन-येऊन १४६ किलोमीटर, १७ लिटर बसलं. ८.६. माझ्या डोळ्यांदेखत तेवढंच आलं, काढणारं कुणी नव्हतं.

येताना मोहोळजवळ थांबून हबला हात नेला. डावं कोमट. उजव्याला हात टेकवला नाही, लांबनंच धग लागली. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं उघडलं तर सील फुटलेलं, आत धूळ आणि ग्रीस काळं, वाळून खडा झालेलं. बेअरिंग बदललं, दुसऱ्या बाजूलाही नवीन ग्रीस भरलं. टायरमध्ये हवा निम्म्याच्या जवळ होती, ती पण टायरवर छापलीय तेवढी केली. नोंदणी आणि इन्शुरन्सचे कागद एजंटकडं दिलेत.

परवा परत तीच वाट, तोच पंप, तोच वेग. १४६ किलोमीटर, १५.७ लिटर. ९.३. ट्रॉली सोडून त्याच वेगानं गेलो तर ११.२ लिटर, म्हणजे १३ ला टच. एका चाकाच्या बेअरिंगसाठी मी अकरा वर्षांच्या माणसाकडं वाकड्या नजरेनं बघितलं, हे मला लई लागलं.

आषाढीचं भाडं नऊच्या हिशोबानं सांगितलंय, शहरातल्या गर्दीचे तास वेगळे लावून. समोरच्यानं मान्य केलं.

सांगोला_डाळिंब

वाचून बरं वाटलं दादा. पगाराचं काय केलं?

जनरेटर_सोलापूर

भावानं स्वतः त्यांच्या घरी जाऊन दिले. मामांनी चहा पाजला त्याला. काल संध्याकाळी मामांनी माझ्याकडं वही मागितली, म्हणाले वेगाचा रकाना मीच भरतो. त्यांनी अजून एक रकाना पाडलाय, "हब", आणि त्यात दर फेरीला डावं-उजवं लिहायला सुरुवात केलीय.