हरिहरेश्वरच्या खडकांचे तैलचित्र : सावलीतला फेस कसा रंगवावा?

नमस्कार. चार वर्षांपासून मी तैलरंगात काम करते आहे. त्याआधी फक्त जलरंग हाताळले होते. सध्या हरिहरेश्वरच्या खडकाळ किनाऱ्याचे १८ बाय २४ इंचांचे चित्र करत असून एका ठिकाणी पुरती अडकले आहे, म्हणून जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

जागा देवळामागच्या प्रदक्षिणा मार्गावरची आहे. ओहोटीच्या वेळी पायऱ्या उतरून खाली गेले की लाटांनी कोरलेले, मधाच्या पोळ्यासारखी भोके पडलेले खडक लागतात. जानेवारीत तिथे बसून मी जलरंगात दोन टिपणे केली. समुद्र पश्चिमेला आणि डोंगर पाठीशी असल्यामुळे सकाळचे ऊन लांबच्या पाण्यावर पडलेले होते, जवळचे खडक मात्र अजून सावलीत होते. मला हीच वेळ रंगवायची आहे, आणि अडचणही बहुधा तिथेच आहे.

खडक बऱ्यापैकी साधले आहेत. अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) टर्पेन्टाइनमध्ये पातळ करून पहिला हात दिला व त्यावर नाइफने, म्हणजे रंग लावायच्या बोथट सुरीने, जाड रंग चढवला. पाण्यालगतचा ओला पट्टा जवळजवळ काळा, त्याच्या वर कोरडा तपकिरी दगड आणि त्यावर कालवांच्या शिंपांचे पांढुरके ठिपके, एवढे मनासारखे उतरले. फेस मात्र वरून कापूस चिकटवल्यासारखा दिसतो. पहिल्यांदा खालचा रंग ओला असतानाच टायटॅनियम व्हाइट लावला, तेव्हा गडद रंग वर येऊन नुसता राखाडी चिखल झाला. तो खरवडून, आठवडाभर वाळू देऊन पुन्हा लावला, तर पांढरा स्वच्छ राहिला, पण त्याची कड कात्रीने कापल्यासारखी झाली. प्रत्यक्षात लाट परतताना पाणी एकदम जात नाही. ते प्रत्येक भोकात क्षणभर थांबते, काठावरून ओघळते, आणि दोन भोकांमधल्या अरुंद कडेवर फेसाची विरत जाणारी जाळी उरते, जिच्यातून काळा दगड दिसत राहतो. ही जाळी साधली नाही तर हे चित्र हरिहरेश्वरचे राहणार नाही, असे मला वाटते.

मुख्य प्रश्न असा की, सावलीतला फेस नेमका किती गडद घ्यावा? पांढऱ्यात अल्ट्रामरीन आणि किंचित बर्न्ट सिएना मिसळून निळसर करडा केला, तर तो गढूळ पाण्यासारखा दिसतो. उजळ केला, तर खडकावरची सावलीच नाहीशी होते. निव्वळ पांढरा फक्त लांबच्या, उन्हातल्या लाटेसाठी राखून ठेवावा का? फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेने १८८६ साली फ्रान्समधल्या बेल-ईल बेटावर असेच काळे खडक पुन्हा पुन्हा रंगवले. त्या चित्रांच्या छापील प्रती पाहताना फेसातही हिरव्या-जांभळ्या छटा दिसतात. पण त्याचे तुटक फटकारे माझ्या या बारीक जाळीला कसे लागू करावेत, ते उमगत नाही.

जाळीसाठी कोरड्या ब्रशने रंग नुसता घासावा, की तेलात पातळ केलेला पांढरा हात द्यावा? झिंक व्हाइट अधिक पारदर्शक असतो, परंतु त्याचा थर कालांतराने ठिसूळ होऊन तडकतो, म्हणून तो वापरायला मन धजावत नाही.

शिवाय खडकांचे गडद भाग वाळल्यावर रंग आत ओढला जाऊन निस्तेज झाले आहेत, त्यामुळे शेजारचा फेस किती उजळ आहे याचा अंदाजच येत नाही. तिथे जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवून पुढे रंगवावे, की रीटचिंग वार्निश (काम चालू असतानाच देता येणारे पातळ वार्निश) द्यावे? नाइफने दिलेला थर वरून वाळला असला तरी या पावसाळी हवेत आतून ओला असण्याची शक्यता आहे, हे लक्षात घेऊन कृपया सांगावे.

उत्तरे येईपर्यंत फेसाच्या भागाला हात लावणार नाही.