वॉटसन की जेम्स? विजयदुर्गाच्या माहितीपत्रकासाठी विचारतोय

गिर्येकर: किल्ल्यावर येणाऱ्यांसाठी दोन पानी पत्रक करतोय. १७५६च्या हल्ल्यात कुठे वॉटसन, कुठे जेम्स असं नाव येतं. दोघांनाही 'ब्रिटिश अ‍ॅडमिरल' लिहिलं तर चालेल का? आणि वॉटसनच्या हुद्द्याला लाल, निळा असे रंग कसले लागतात?

दर्यावर्दी: नाही चालणार. विल्यम जेम्स ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईच्या आरमाराचा कमोडोर. एप्रिल १७५५ मध्ये हर्णैचा सुवर्णदुर्ग त्याने घेतला, आणि विजयदुर्गाजवळ मोठी जहाजं किती आत येऊ शकतील हे आधी जाऊन त्यानेच पाहिलं. चार्ल्स वॉटसन मात्र ब्रिटनच्या राजाच्या आरमाराचा. फेब्रुवारी १७५६ च्या हल्ल्यात नेतृत्व त्याचं, निशाण 'केंट' या ७० तोफी जहाजावर. तोफगोळ्याने आग लागली आणि बंदरातलं तुळाजी आंग्र्यांचं सगळं आरमार जळालं.

खलाशी_रत्नागिरी: रंगांचं सांगतो. लेफ्टनंट होण्यासाठी सहा वर्षं समुद्रावर काढायची आणि कप्तानांसमोर तोंडी परीक्षा द्यायची. पुढे कॅप्टनपदापर्यंत वशिला आणि पराक्रम दोन्ही चालत. एकदा 'पोस्ट कॅप्टन' (म्हणजे पक्का कॅप्टन) झालं की पुढचा क्रम निव्वळ ज्येष्ठतेचा: वरचे मेले किंवा बाजूला झाले की आपण वर. अ‍ॅडमिरलांच्या पायऱ्या खालून अशा: रिअर अ‍ॅडमिरल निळा, पांढरा, लाल, मग व्हाइस अ‍ॅडमिरल याच क्रमाने, मग अ‍ॅडमिरल निळा, पांढरा, आणि सर्वात वर अ‍ॅडमिरल ऑफ द फ्लीट. म्हणजे एकूण नऊ. पूर्ण अ‍ॅडमिरलांमध्ये (रिअर, व्हाइस सोडून) 'लाल' १८०५ला आला, आणि हे रंग १८६४ला रद्द झाले. कमोडोर हा तेव्हा कायमचा हुद्दा नव्हताच, नेमणुकीपुरता मान.

वॉटसन १७३८ला कॅप्टन, १७४८ला रिअर अ‍ॅडमिरल निळा. दहा वर्षांत हे होणं फार लवकर. १७४७ पासून म्हाताऱ्या कप्तानांना पेन्शनवर बसवून यादी मोकळी करू लागले होते, त्याचा फायदा त्याला झाला. पण तुलोंच्या (फ्रान्स) लढाईत 'ड्रॅगन' आणि फिनिस्टेरच्या (स्पेन) लढाईत 'प्रिन्सेस लुईझा' ही जहाजं त्याने लढवली होती, हेही विसरू नका.

दर्यावर्दी: तुलोंच्या तारखेत फसू नका. तेव्हा इंग्रजी वर्ष २५ मार्चला बदलायचं, म्हणून जुन्या कागदांत ती लढाई फेब्रुवारी १७४३ची दिसते. आपल्या हिशेबाने १७४४. १७५२ला पंचांग बदललं, त्यामुळे विजयदुर्गाच्या तारखांना हात लावायची गरज नाही.

गिर्येकर: आभार. म्हणजे हल्ल्याच्या वेळी वॉटसन रिअर अ‍ॅडमिरलच ना?

खलाशी_रत्नागिरी: हो, व्हाइस अ‍ॅडमिरल तो जून १७५६ मध्ये झाला, म्हणजे चार महिन्यांनी. जानेवारी १७५७ मध्ये कलकत्ता परत घेतलं, मार्चमध्ये चंदननगर. तिथे 'केंट' इतकी खिळखिळी झाली की पुन्हा कामाची राहिली नाही. १६ ऑगस्ट १७५७ला वॉटसन कलकत्त्यात वारला. जागा उरली तर बाणकोटचाही उल्लेख करा: ऑक्टोबर १७५६च्या तहात विजयदुर्ग पेशव्यांकडे गेला आणि बाणकोट इंग्रजांकडे राहिलं.