मदत हवी आहे: टेराफ्लॉप जास्त, तरी फ्रेम कमी का?

प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स, हे दोन्ही गेम कन्सोल २०२० चे. कागदावर एक्सबॉक्स पुढे आहे: सुमारे १२ टेराफ्लॉप (सेकंदाला किती लाख कोटी गणितं होतात त्याचं माप), ५२ कम्प्युट युनिट (ग्राफिक्स चिपमधले गणित करणारे भाग), घड्याळ म्हणजे चिपचा वेग १.८२५ गिगाहर्ट्‌झ. प्लेस्टेशनकडे १०.२८ टेराफ्लॉप, ३६ युनिट, पण घड्याळ २.२३ गिगाहर्ट्‌झपर्यंत जातं. तरीही काही गेममध्ये प्लेस्टेशनच जास्त स्थिर चालतो, म्हणजे फ्रेम (पडद्यावर एकामागून एक येणारी चित्रं) कमी गळतात. यावरून आमच्या मित्रांत कायम जुंपलेली असते, आणि दोन्ही बाजू नुसते आकडे फेकतात. मला खरं कारण समजून घ्यायचंय.

एसएसडीचा, म्हणजे गेम साठवणाऱ्या स्टोरेजचा वेग (प्लेस्टेशन ५.५ विरुद्ध एक्सबॉक्स २.४ गिगाबाइट प्रतिसेकंद) लोडिंगपुरता मान्य, पण एकाच जागी उभं राहून फ्रेम पडतात तिथे तो मुद्दा लागू होत नाही असं माझं मत. एक्सबॉक्सची मेमरी दोन वेगांत विभागलेली आहे (१० जीबी ५६० गिगाबाइट प्रतिसेकंदावर, ६ जीबी ३३६ वर), हेही वाचलंय.

दोन्ही कन्सोल हाताशी आहेत. गेम, दृश्य आणि ग्राफिक्स मोड तोच ठेवून पाहिलं, फरक राहतोच. रिझोल्यूशन मात्र गेम स्वतःच कमीजास्त करतो, ते बंद करता येत नाही. डेव्हलपर किट (गेम बनवणाऱ्यांना मिळणारं खास कन्सोल) नाही. फक्त व्हिडिओ कॅप्चर करून फ्रेम मोजता येतात.

एवढ्यावरून अडथळा घड्याळाच्या वेगाचा, मेमरीचा की गेम त्या कन्सोलसाठी नीट न जुळवल्याचा, हे वेगळं कसं ओळखायचं?